मनगटाचं सील कापू नका

थंड पाण्यात डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास दिला जातो. ड्रायसूटच्या बाहीला रिंग बसवा, रिंगेत कोरडा हातमोजा अडकवा आणि मग मनगटावरचं लॅटेक्सचं सील कापून टाका. पाणी आता मोजाच अडवतोय, मग आत आणखी एक सील कशाला? हा सल्ला देणारी माणसं नवखी नाहीत. त्यांतली बरीचशी माझ्यापेक्षा अनुभवी आहेत, काहींकडून मी शिकले आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि खोल, थंड पाण्यात तो धोकादायक आहे, असं माझं ठाम मत आहे. अलीकडे तो आपल्या मराठी मुलामुलींपर्यंतही पोचू लागला आहे, म्हणून हा प्रतिवाद मराठीत.

आपल्याकडे डायव्हिंग शिकलेल्या माणसावर हातांचा विचार करायची वेळच येत नाही. तारकर्ली-मालवणला, गोव्यात ग्रँड आयलंडला किंवा कर्नाटकात नेत्राणीला पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं. उघड्या हातांनी उतरायचं, उघड्या हातांनी वर यायचं. हीच मंडळी पुढे शिक्षणासाठी, नोकरीसाठी ब्रिटन, नॉर्वे किंवा स्वीडनला येतात आणि डायव्हिंगची ओढ सुटत नाही म्हणून स्थानिक क्लबात नाव घालतात. मग एखाद्या जानेवारीच्या सकाळी लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हच्या काठावर उभी राहतात. ही पाण्याने भरलेली ग्रॅनाइटची जुनी खाण, आणि हिवाळ्यात तिचं पाणी पाच-सहा अंशांवर आलेलं असतं. उसना ड्रायसूट अंगात चढवला की शेजारचा कोणीतरी आपुलकीने सांगतो, रिंग घे, सील काढ, हात कसे मोकळे राहतात बघ. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्याला मात्र त्या सल्ल्यातलं काय कशासाठी आहे हे माहीत नसतं.

ज्यांनी ड्रायसूट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ड्रायसूटमध्ये शरीर कोरडं राहतं. आत जाड, उबदार कपडे आणि त्यांत अडकलेली हवा, बाहेर पाणी न शिरू देणारं कवच. मानेवर आणि मनगटांवर लॅटेक्सची किंवा सिलिकॉनची निमुळती नळकांडी असतात, ती कातडीला चिकटून बसतात. हीच सीलं. हात त्यांच्या बाहेर राहतात, म्हणजे पाण्यात. त्यांच्यावर एकतर पाच-सात मिलिमीटर जाडीचे निओप्रीनचे ओले मोजे घालायचे, नाहीतर कोरडे मोजे. कोरडा मोजा म्हणजे बाहेरून पीव्हीसीचा किंवा रबराचा पाणी न शिरणारा मोजा आणि आत लोकरीचा किंवा फ्लीसचा मोजा. मासेमारीच्या बोटींवर, शीतगृहांत जे मोजे वापरतात तेच बहुतेक वेळा कामाला येतात. शोवासारख्या कंपनीचे जाड पीव्हीसी मोजे उत्तरेकडच्या डायव्हरांच्या हातात सर्रास दिसतात. हा मोजा बाहीला जोडणं हे रिंगेचं काम. सी-टेक, कुबी अशा अनेक पद्धती बाजारात आहेत. काही दाबून बसतात, काही फिरवून अडकतात, काहींत मोजा नुसता ताणून कड्यावर चढवायचा असतो.

इथवर वाद नाही. कोरडे मोजे चांगले आहेत आणि मी स्वतः तेच वापरते. प्रश्न आहे तो मोज्यामागे सील ठेवायचं की नाही, एवढाच. माझ्या मते सगळ्या निवडीची किल्ली तिथेच आहे. कोरडा मोजा कधीतरी फाटणारच आहे, हे धरूनच तो निवडायला हवा. तो चांगला असताना किती ऊब देतो याची चर्चा सगळेच करतात. तो फाटल्यावर पाणी कुठवर जाईल, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

मोजा फाटतो म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. मोजा सूटसारखा जाड कापडाचा नसतो, एक मिलिमीटरच्या आसपासचं पीव्हीसी असतं. त्याने आपण गंजलेले पत्रे चाचपतो, शिंपल्यांनी भरलेली दोरी पकडतो, बोटीच्या शिडीला लटकतो, सिलिंडर उचलतो, क्लिप लावतो. अख्ख्या ड्रायसूटवर सगळ्यात जास्त झीज होणारी जागा तीच. आणि भोक पडलं नाही तरी पाणी शिरायला दुसरी एक वाट असते, जी माझ्या पाहण्यात जास्त वेळा येते. रिंगेच्या खाचेत जी रबरी ओ-रिंग बसते तिच्यावर आतल्या लोकरी मोज्याचा एखादा धागा येतो, किंवा आतल्या कपड्याच्या बाहीची कड पुढे सरकून तिथे चिमटते. किनाऱ्यावर रिंग खट्कन बसते, आवाज बरोबर येतो, ओढून पाहिली तरी सुटत नाही. सहा मीटरवर मनगटात थंडी जाणवायला लागते, वीस मीटरवर आतला मोजा चिंब. वर येऊन रिंग उघडली की राखाडी लोकरीचा नखाएवढा धागा ओ-रिंगवर आडवा पडलेला दिसतो.

म्हणजे कोरडा मोजा ही चांगली पण कच्ची भिंत आहे. तिच्यामागे सील असेल तर पाणी हातापाशी थांबतं. नसेल तर ते बाहीत शिरतं, बाहीतून दंडाकडे, खांद्याकडे. सील कापणाऱ्यांचं यावर म्हणणं असं, की हात भिजलाच आहे, आता बाही भिजली तर असा काय फरक पडतो? फार मोठा फरक पडतो. या वादातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

उजव्या हाताने डावा हात कोपराच्या जरा खाली पकडा आणि डाव्या हाताची मूठ आवळून सैल करा. तळहाताखाली काय हलतं ते पाहा. बोटांमध्ये स्नायू जवळजवळ नाहीत. बोटं मिटवणारे आणि उघडणारे ताकदीचे स्नायू मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात आहेत, त्यांच्या कंडरा मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. बोटं बधिर झाली की स्पर्श कळत नाही, नेमकेपणा जातो. कातडीचं तापमान पंधरा अंशांच्या खाली आलं की बारीक काम अवघड होतं, आठेक अंशांवर स्पर्शही जवळपास हरवतो. पण कोपराखालचा हात उबदार असेल तर पकड शिल्लक असते. बोटांना जाणवत नसलं तरी ती मिटतात, डोळ्यांनी पाहून क्लिप लावता येते, दोरी धरता येते. कोपराखालचा भागही थंड पाण्यात बुडाला की स्नायूच मंद होतात, आणि मग बोटं मिटतच नाहीत. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पाच अंशांच्या पाण्यात बाही भिजली की हा फरक पडायला वेळ लागत नाही. सील वाचवतं ते हे स्नायू. हात ओला होईल, दुखेल, पण चालेल.

हे मला पुस्तकातूनच कळलेलं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये स्कापा फ्लो नावाचं विस्तीर्ण नैसर्गिक बंदर आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे नजरकैदेत ठेवलेली जर्मन नौदलाची ७४ जहाजं २१ जून १९१९ रोजी त्यांच्याच अधिकाऱ्यांनी बुडवायला घेतली, त्यांतली ५२ तळाला गेली. बहुतेक पुढे वर काढून भंगारात निघाली. पण तीन युद्धनौका आणि चार क्रूझर आजही तिथे आहेत आणि थंड पाण्यात डायव्हिंग करणाऱ्यांची ती पंढरी आहे. वसंत ऋतूत पाणी सात-आठ अंश. ड्रेस्डेन या क्रूझरवर उतरताना आम्ही शॉटलाइन, म्हणजे जहाजापर्यंत सोडलेली दोरी, धरून खाली जात होतो. दोरीवर शिंपले बसलेले होते, एकाची धार माझ्या डाव्या मोज्याला लागली असावी. तेव्हा काहीच कळलं नाही. पस्तीस मीटरच्या आसपास जहाजाच्या कडेपाशी पोचल्यावर तर्जनीच्या टोकाला सुई टोचल्यासारखं झालं, मग सगळ्या बोटांभोवती थंड पाणी फिरलं आणि मनगटाशी येऊन थांबलं. तिथे सील होतं. आम्हाला वर येताना काही मिनिटं थांबणं भाग होतं. त्या वेळात डावी बोटं आधी जळजळली, मग लाकडासारखी झाली. पण उजव्या हातात रील आणि डाव्या हाताने वरच्या बोटीला खूण दाखवणाऱ्या फुग्याची कड धरणं, इतकं मला जमलं. बड्डीने, म्हणजे जोडीदाराने, फुगा भरला. वर आल्यावर बाही कोपरापर्यंत कोरडी होती, फक्त सीलच्या कडेला कपडा जरा ओलसर होता. सील नसतं तर तेच पाणी मोज्यातून बाहीत आणि बाहीतून बगलेकडे गेलं असतं, आणि खालचा तो वेळ मी कसा काढला असता याची कल्पना मला करायची नाही.

वर येताना थांबावं लागतं, या गोष्टीवर सगळा वाद उभा आहे. दहा मीटरच्या खाणीत मोज्यात पाणी शिरलं तर दोन मिनिटांत वर या, विषय संपला. पण चाळीस मीटरवर वीस-पंचवीस मिनिटं काढल्यावर शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो आणि त्यासाठी ठरावीक खोलीवर थांबावंच लागतं. थंडी वाजते म्हणून वर येता येत नाही. शिवाय थंडी इथे नुसता त्रास देत नाही. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत तळाशी उबदार आणि वर येताना थंड हा क्रम सगळ्यात वाईट ठरला. उबेत रक्तपुरवठा चांगला, म्हणून वायू भराभर आत जातो. मग थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि तोच वायू बाहेर पडायला रेंगाळतो. त्या चाचण्या अख्ख्या शरीराच्या तापमानाच्या होत्या, एका बाहीच्या नव्हत्या, हे मान्य. पण मोजा फाटून सूट भिजणं म्हणजे नेमका हाच क्रम: खाली कोरडे, वर येताना गार. या अडचणीत पाणी जितकं कमी आत येईल तितकं चांगलं, यावर तरी दुमत असू नये.

आता समोरच्यांचे युक्तिवाद. ते कच्चे नाहीत, म्हणून एकेक घेते.

त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा दाबाचा आहे. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट. मोज्यातली हवा त्या प्रमाणात आकसते, पीव्हीसीच्या घड्या बोटांवर आवळतात, कातडी चिमटली जाते आणि वर आल्यावर हातावर लाल-निळे वळ दिसतात. सील नसेल तर सूटमधली हवा आपोआप मोज्यात येते आणि हा त्रास राहत नाही. खरं आहे. सील असेल तर हात डोक्यावर करून मनगट वाकवलं की थोडी हवा सीलखालून मोज्यात जाते, कारण सीलचं निमुळतं टोक हाताकडे असतं आणि आतून दाब आला की ते उघडतं. उलट दिशेने मात्र ते घट्ट मिटतं. म्हणून वर येताना मोज्यातली हवा फुगते आणि सूटमध्ये परत जात नाही, बोटं फुगलेल्या पिशवीत अडकतात. ही अडचण मी नाकारत नाही.

पण तिच्यावरचा उपाय सील कापणं हा नव्हे. उपाय तीन-चार मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत दोरीचा एक तुकडा आहे, बोटभर लांबीचा, सीलखाली मनगटाच्या आतल्या बाजूला सरकवलेला. दोरीच्या दोन्ही कडांना केसाएवढी फट राहते आणि हवा तिथून सावकाश ये-जा करते. मोजा फाटला तर त्याच फटीतून थोडं पाणीही झिरपेल. पण झिरपणं आणि धार लागणं यांत फरक आहे. ड्रेस्डेनवर माझ्या बाहीत जो ओलसरपणा आला तो याच दोरीमुळे. काही जण दोरीऐवजी पोकळ रबरी नळीचा तुकडा घालतात. तो मला पटत नाही, कारण नळी भरली की तिच्यातून पाणी मुक्तपणे आत येतं. काही जण आतल्या लोकरी मोज्याची कड सीलखाली सरकवतात. तेही नको, लोकर पाणी ओढून घेते. साधी, गुळगुळीत दोरी.

दुसरा मुद्दा रक्तपुरवठ्याचा. घट्ट सीलमुळे मनगट आवळलं जातं, हाताला रक्त कमी पोचतं आणि हात उलट जास्त गार पडतो. घट्ट सीलबद्दल हे अगदी बरोबर आहे. तशीच तक्रार घट्ट मोज्याबद्दलही करायला हवी, पण ती कोणी करत नाही. लॅटेक्सचं सील मापाचं कापून घ्यायचं असतं, त्यावर त्यासाठीच वळ्या असतात. मनगटाच्या घेराला शोभेल इतकं सैल करा, सिलिकॉनचं वापरून पाहा, ते जास्त ताणतं. काही रिंगांमध्ये सील बदलणं घरी बसल्या काही मिनिटांचं काम आहे. बूट चावतो म्हणून कोणी अनवाणी हिमालय चढायला निघत नाही. ज्यांची बोटं जरा थंडीतही पांढरी पडतात अशांनी सैल सील, सैल मोजा आणि त्यांच्या आत नीट लोकर अशी निवड करावी आणि आधी डॉक्टरांशी बोलावं.

तिसरा मुद्दा: सीलही फाटतं, मग त्याच्यावर भिस्त का ठेवायची? पण भिस्त एकावरच ठेवू नका, हेच तर मी सांगते आहे. मोजा आणि सील दोन्ही एकाच डायव्हमध्ये, एकाच हातावर जाण्याची शक्यता एकटा मोजा जाण्यापेक्षा कितीतरी कमी. शिवाय सील सूटच्या बाहेर घासत नाही, मोज्याच्या आत सुरक्षित असतं, आणि पाण्यात उतरण्याआधी ते डोळ्यांनी तपासता येतं. सीलला तडे दिसले, लॅटेक्स चिकट झालं, तर बदला.

चौथा मुद्दा खरं तर युक्तिवाद नाही, पण तोच सगळ्यात जास्त ऐकू येतो: आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, काही झालं नाही. ज्यांचा मोजा खोल पाण्यात, थांबे बाकी असताना फाटला नाही, त्यांच्या अनुभवातून मोजा न फाटल्याचंच ज्ञान मिळतं. फाटल्यावर काय होतं याबद्दल तो अनुभव काहीच सांगत नाही.

सील नसण्याचा आणखी एक तोटा आहे, तो पाणी आत येण्याचा नसून हवा बाहेर जाण्याचा आहे. समजा रिंगच सुटली. दाबून बसणाऱ्या रिंगा बोटीच्या कठड्याला किंवा जहाजाच्या तुटक्या पाइपला अडकून सुटल्याचं मी ऐकलं आहे. तुमचा हात त्या क्षणी डोक्याच्या वर असेल, आणि दोरी धरून उतरताना तो बहुधा तसाच असतो, तर सील नसलेल्या बाहीचं उघडं तोंड वर आहे. सूटमधली हवा तिथून एका दमात बाहेर जाते. ज्या हवेवर तुम्ही तरंगत होता आणि जिच्यामुळे तुम्ही उबदार होता, ती गेली. आत आलेलं पाणी तुम्हाला तळाला ओढत नाही, पाण्यात पाण्याला वजन नसतं. पण गेलेली हवा भरून काढायला जॅकेटमध्ये हवा भरणारा इन्फ्लेटर दाबावा लागतो, आणि तोही उरलेल्या एका हाताने. हे सगळं घडत असताना श्वासाला हवा देणाऱ्या रेग्युलेटरनेही दगा दिला तर? युरोपच्या ईएन २५० या मानकात १० अंशांखालच्या पाण्याला थंड पाणी धरतात आणि त्यासाठीचे रेग्युलेटर ४ अंशांवर तपासतात. तपासलेला रेग्युलेटरही इन्फ्लेटर आणि श्वास यांची ओढ एकदम वाढली तर आत बर्फ धरून अखंड हवा सोडू लागू शकतो. तेव्हा मानेमागे हात नेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. तो बंद करायला बोटं लागतात. एक अडचण दुसरीला बोलावते ती अशी.

रात्री झोपण्यापूर्वी शेगडीचं बटण बंद असतानाही स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर आपण बंद करतो. त्याबद्दल घरात कोणी वाद घालत नाही. पाण्याखाली, जिथे दार उघडून बाहेर जाता येत नाही, तिथे दुसरा अडसर काढून टाकण्याचा आग्रह का, हे मला कळत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींबद्दल. कोरडे मोजे हे चोचले आहेत, जाड ओले मोजे पुरेसे आहेत, हात कणखर करा, असं म्हणणारे जुने ब्रिटिश डायव्हर अजून भेटतात. त्यांच्याशीही माझं पटत नाही, पण त्यांची बाजू मला सील कापणाऱ्यांपेक्षा मजबूत वाटते. ओल्या मोज्याला फाटण्याची भीती नाही, तो आधीच ओला आहे. तो अचानक दगा देत नाही, हळूहळू गार पडतो आणि परतायची वेळ झाली हे आधीच सांगतो. सील नसलेला कोरडा मोजा आणि सात मिलिमीटरचे तीन बोटांचे ओले मोजे यांतलं एक घ्यायचं झालं तर मी ओले मोजे घेईन. त्यांची कमजोरी दोन ठिकाणी आहे. निओप्रीनमधले हवेचे बुडबुडे दाबाने चेपले जातात, त्यामुळे तीस मीटरवर त्याची जाडी आणि ऊब दोन्ही बरीच कमी होतात. आणि हात सरावतात हा समज अर्धाच खरा आहे. संशोधक सर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये दाखवलं की बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या बोटांमधल्या रक्तवाहिन्या काही मिनिटांनी अधूनमधून उघडतात आणि बोटांना थोडी ऊब येते. पण शरीराचं आतलं तापमान घसरू लागलं की हीच प्रतिक्रिया मंदावते. म्हणजे जेव्हा तिची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा ती भरवशाची राहत नाही.

सगळ्यांना कोरडे मोजे हवेतच असंही नाही. आइसलंडमधली सिल्फ्रा ही भेग पाहायला आता भारतातून पुष्कळ लोक जातात, त्यांत मराठी कुटुंबंही असतात. उत्तर अमेरिका आणि युरेशिया या भूपट्ट्यांच्या मधली ही भेग, लांगयोकुल हिमनदीचं लाव्हातून वर्षानुवर्षं गाळत आलेलं पाणी तिच्यात असतं. पाणी बारा महिने दोन ते चार अंश. तिथे ड्रायसूट सक्तीचा आहे, खोलीची मर्यादा १८ मीटर आहे आणि डायव्ह अर्ध्या-पाऊण तासात संपतो. आयोजक जाड ओले मोजे देतात. हात दुखतात, पण काठ सतत जवळ असतो. त्यासाठी स्वतःची रिंग विकत घेण्यात काही अर्थ नाही. त्या पैशांत चांगले लोकरी आतले कपडे घ्या.

बॅटरीवर चालणारे गरम मोजे हाही आजचा एक मोह आहे. कंबरेला बारा व्होल्टची बॅटरी आणि आत गरम होणाऱ्या तारा. वर येताना बराच वेळ थांबावं लागणाऱ्यांना ते उपयोगी आहेत, मी विरोध करत नाही. पण ज्याने आतला मोजा पातळ करून सगळी भिस्त तारांवर ठेवली, त्याची बॅटरी खाली संपली की वर उल्लेखलेला तोच वाईट क्रम सुरू होतो. गरमी नसतानाही वर येता येईल इतकी लोकर आधी घाला, तारा त्यानंतर.

सील ठेवायचं ठरलं की रिंग निवडणं बरंच सोपं होतं. पहिला प्रश्न विक्रेत्याला हाच विचारा: ही रिंग सीलसकट बसते का, आणि सील फाटलं तर मला घरी बदलता येतं का? काही पद्धतींत सील आणि मोज्याची कडी एकाच चौकटीत बसतात, त्या मला बऱ्या वाटतात. दुसरा प्रश्न: फाटलेल्या मोज्याच्या जागी कोणता घालायचा? ज्या रिंगेवर मासेमारीच्या दुकानातला साधा मोजा चढतो ती ऑर्कनीत किंवा नॉर्वेच्या एखाद्या खेड्यातही दुसऱ्या दिवशी वापरता येते. ज्या रिंगेला फक्त त्याच कंपनीचा मोजा लागतो, ती तिथे निरुपयोगी ठरू शकते. तिसरं, दुसरा हात. पहिला मोजा कोणीही सहज चढवतो, दुसरा चढवताना पहिल्या हाताची बोटं आधीच मोज्यात असतात. ते जमत नसेल तर बड्डीची मदत घ्या, पण दुकानात उभं राहून हे करून बघा. मोजा एक माप मोठा घ्या. बोटांभोवती हवेला आणि लोकरीला जागा लागते, आणि घट्ट मोज्यात बोटं सगळ्यात आधी गार पडतात. क्लिपही मोठ्या लागतील, उन्हाळ्यातल्या छोट्या क्लिप कोरड्या मोज्यांत हाताळता येत नाहीत.

आणि प्रत्येक वेळी रिंग बसवण्यापूर्वी आतल्या मोज्याची कड मागे ओढून ओ-रिंगवरून एकदा बोट फिरवा. महिन्यातून एकदा मोजा तोंडाने फुगवून, कड पिळून, न्हाणीघरातल्या बादलीत दाबून धरा. बुडबुडे कुठून येतात ते दिसेल.

ज्यांनी सील आधीच कापलं आहे त्यांना मी बेफिकीर म्हणत नाही. त्यांनी एक गोष्ट करून पाहावी, एवढीच विनंती. हिवाळ्यात, पाणी सहा अंशांच्या खाली असताना, पाच-सहा मीटरवर, चांगला बड्डी शेजारी आणि काठ जवळ असताना एक मोजा मुद्दाम उघडून पाणी आत येऊ द्या. मग दहा मिनिटं तिथेच थांबा, फुगा सोडा, दोन क्लिप लावा, व्हॉल्व्ह एकदा बंद करून उघडा. बड्डीला वेळ मोजायला सांगा. कोपराखालचा हात भिजू लागला, किंवा बोटं साथ सोडतायत असं वाटलं, की लगेच वर या. त्यानंतर नवं सील बसवून, खाली दोरीचा तुकडा सरकवून, हेच पुन्हा करा. दोन्ही वेळचा अनुभव कागदावर लिहून ठेवा, आणि तीस मीटरच्या खाली जाण्यापूर्वी तो कागद काढून वाचा.